चार शुभवर्तमानं, एक दफन: नेमका फरक कुठे आहे?

तक्तेवाला (प्रश्न)

कॅथलिक वाचनचक्रात 'अ' वर्षी झावळ्यांच्या रविवारी मत्तयाचं दुःखसहन (येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतचा भाग) वाचतात, 'ब' वर्षी मार्काचं, 'क' वर्षी लूकचं. गुड फ्रायडेला मात्र दरवर्षी योहानच. म्हणजे पाच दिवसांत ऐकणाऱ्याच्या कानावर येशूच्या दफनाचे दोन वृत्तांत पडतात आणि ते जुळत नाहीत. अभ्यासगटासाठी चार रकान्यांचा तक्ता करतोय. अडलेले मुद्दे:

अरिमथाईचा योसेफ यहुदी न्यायसभेचा सभासद होता की येशूचा शिष्य? सुगंधी द्रव्यं कुणी आणि कधी आणली? कबरीच्या तोंडाशी तो चित्रातला चाकासारखा दगड खरंच होता का? आणि चारही मिळून एक सलग वृत्तांत लिहिला तर कुठे कुठे गाडी अडते?

श्रद्धा-अश्रद्धेचा वाद नको, मजकुराबद्दल बोलूया.

---

मूळप्रत

आधी एक पथ्य. प्रत्येक रकान्यात त्या लेखकाने लिहिलंय तेवढंच भरा, बाकी चौकट कोरी सोडा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. योहानातली बाग, मत्तयाची मालकी आणि मार्काची खरेदी डोक्यात आधीच एक झालेली असते आणि हात आपोआप चारही रकान्यांत तेच भरत जातो. 'लिहिलं नाही' आणि 'वेगळं लिहिलं' यांना दोन वेगळ्या खुणा करा.

वाचायचे उतारे: मत्तय २७:५७-६६, मार्क १५:४२-४७, लूक २३:५०-५६, योहान १९:३१-४२. प्रत्येकाला पुढच्या अध्यायातल्या पहिल्या दहाबारा ओव्या जोडा, कारण दफनाचे अर्धे तपशील रविवारच्या सकाळी कळतात. लूक आणि योहान दफनाच्या वेळी दगडाचा उल्लेखसुद्धा करत नाहीत. तो थेट रविवारी बाजूला झालेलाच दिसतो (लूक २४:२, योहान २०:१).

योसेफ. मार्कात तो 'प्रतिष्ठित सभासद', देवाच्या राज्याची वाट पाहणारा. शिष्य नाही. आणि मार्कच १४:६४ मध्ये सांगतो की येशूला दोषी ठरवलं ते 'सर्वांनी'. म्हणजे योसेफ त्या 'सर्वांत' होता का, हा प्रश्न मार्क उघडाच ठेवतो. लूकला तो बोचला असावा, कारण त्याने सभासदत्व ठेवून खुलासा जोडलाय: चांगला, नीतिमान माणूस, त्यांच्या ठरावाला आणि कृत्याला याची संमती नव्हती. मत्तयाने सभाच गाळली. तिथे तो 'श्रीमंत' आणि सरळ 'शिष्य'. योहानात शिष्यच, पण धास्तीने लपून राहिलेला.

श्रीमंती फक्त मत्तयात आहे. यशया ५३:९ मधल्या 'मरणात श्रीमंताबरोबर' या शब्दांशी ती जुळते, असं बरेच अभ्यासक दाखवतात. मत्तय स्वतः इथे ते वचन उद्धृत करत नाही, तेव्हा तक्त्यात नको, तळटीपेत टाका.

कापड. मार्क, मत्तय, लूक तिघांत 'सिंडोन', एकवचनी, तागाचं वस्त्र. योहानात 'ओथोनिया', अनेकवचनी, तागाची कापडं, शिवाय डोक्याचा वेगळा रुमाल (२०:७). यावरून 'एक चादर की पट्ट्या' असा जोरदार वाद घालतात. घालण्याआधी लूक २४:१२ पाहा. २३:५३ मध्ये 'सिंडोन' लिहिणारा तोच लूक तिथे पेत्राला 'ओथोनिया' दाखवतो. (२४:१२ ही ओवी बेझा हस्तलिखितात, म्हणजे शुभवर्तमानांच्या एका जुन्या ग्रीक-लॅटिन प्रतीत, नाही, पण बहुतेक जुन्या प्रतींत आहे.) एकच लेखक दोन्ही शब्द वापरत असेल तर निव्वळ शब्दांवरून विसंगती सिद्ध होत नाही. क्रियापद मात्र खरंच बदलतं: पहिले तिघे गुंडाळतात, योहान 'बांधतो'. कापड विकत घेतलं हे फक्त मार्कात, ते स्वच्छ होतं हे फक्त मत्तयात.

एक बारकावा सहज निसटतो. योसेफ 'सोमा' मागतो, म्हणजे शरीर, देह. रोमी सुभेदार पिलात देतो ते मार्क १५:४५ च्या जुन्या प्रतींत 'प्टोमा', प्रेत. नंतरच्या नकलाकारांनी तिथेही 'सोमा' करून टाकलं. हाच 'प्टोमा' मार्क ६:२९ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासाठी येतो. तिथे शिष्य येऊन प्रेत उचलतात आणि कबरीत ठेवतात. इथे एकही शिष्य फिरकत नाही, परका सभासद येतो. मार्काला हा विरोध दाखवायचाय असं मला वाटतं.

---

हिराबोळ

सुगंधी द्रव्यांची ओळ तक्त्यातली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाची. तिच्यात निव्वळ मौन नाही, तीन वेगळी वेळापत्रकं आहेत.

मार्क: दफनाच्या वेळी काहीच नाही. शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा यहुदी विश्रामदिवस) संपल्यावर तिघी बायका द्रव्यं विकत घेतात (१६:१).
लूक: बायका कबर पाहून परततात, द्रव्यं आणि सुगंधी तेलं तयार करतात, *मग* शब्बाथ पाळतात (२३:५६).
योहान: बायकांचा संबंध नाही. निकदेम, योहानातला एक यहुदी पुढारी, शुक्रवारीच गंधरस आणि अगरू यांचं शंभर लित्रा मिश्रण आणतो, म्हणजे सुमारे ४५ किलो, आणि ते कापडात घालूनच देह बांधला जातो.
मत्तय: द्रव्यं कुठेच नाहीत. बायका रविवारी 'कबर पाहायला' येतात (२८:१).

आता हे उलट्या बाजूने वाचा. बायका रविवारी *कशासाठी* येतात ते शुक्रवारचं दफन कसं झालं यावर ठरतं. मार्क-लूकमध्ये दफन घाईचं, काम अपुरं राहिलेलं, म्हणून त्या ते पुरं करायला येतात. मत्तयाने कबरीला शिक्का मारून पहारा बसवलाय. आत जाऊन लेप लावणं शक्यच नाही, मग उरतं ते पाहणं. योहानात द्रव्यांची कमतरताच नाही, म्हणून मग्दालीया मरीया रिकाम्या हाताने येते. प्रत्येक वृत्तांत आपल्या आत घट्ट विणलेला आहे. एकाचा धागा ओढून दुसऱ्यात घातलात की वीण सुटते. निकदेमाने एवढं ओतल्यावर मार्कातल्या बायकांनी बाजार गाठायचं कारण काय?

द्रव्यांबद्दल थोडं अवांतर. गंधरस म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातला हिराबोळ: तांबूस-तपकिरी, कडवट वासाचे डिंकाचे खडे. 'अलोए' म्हटल्यावर पुष्कळांना कोरफड आठवते, पण इथे बहुतेक अभ्यासक अगराचं सुगंधी लाकूड धरतात, आणि तो शब्द आपल्या 'अगुरु'च्याच कुळातला असावा. स्तोत्र ४५:८ मध्ये हीच जोडी राजाच्या वस्त्रांना आहे. हा काही मिसरी पद्धतीचा मसाला नव्हे. पोट चिरणं, अवयव काढणं असलं काही यहुदी रीतीत नव्हतं. वास झाकणं आणि मान देणं, एवढंच.

---

मूळप्रत

वजनाची दुरुस्ती. लित्रा म्हणजे रोमन रत्तल, सुमारे ३२७ ग्रॅम. शंभर लित्रा म्हणजे ३३ किलोच्या आत-बाहेर. ४५ किलो हा आकडा आजच्या ४५४ ग्रॅमच्या पौंडाने गुणल्यामुळे येतो आणि बऱ्याच भाष्यग्रंथांमध्ये तसाच फिरतो. ३३ किलोही कमी नाहीत. बेथानीत मरीयेने पायांना लावलेलं तेल *एक* लित्रा होतं (योहान १२:३) आणि तेवढ्यावरच उधळपट्टीची ओरड झाली होती. योहान ही राजाची अंत्यक्रिया म्हणून रंगवतोय. आसा राजाच्या दफनातली सुगंधी द्रव्यांनी भरलेली शय्या पाहा, २ इतिहास १६:१४.

---

हिराबोळ

बरोबर, ३३ करा. चूक माझी.

---

पाथरवट

दगडाबद्दल. पुरातत्त्वज्ञ आमोस क्लोनर यांनी यरुशलेम परिसरातल्या त्या काळच्या नऊशेहून अधिक खडक-कबरी तपासल्या. सन ७० च्या आधीच्या, चाकासारखा दगड असलेल्या सापडल्या फक्त चार. त्याही बड्या घराण्यांच्या: आदियाबेनची राणी हेलेना हिची कबर, हेरोदाच्या कुटुंबाची म्हणून ओळखली जाणारी कबर, या थाटाच्या. बाकीच्या जवळपास सगळ्यांचं तोंड चौकोनी धोंड्याने बंद केलेलं. त्याचा आतला भाग बुचासारखा दारात बसतो, बाहेरचा कडेला टेकतो.

मग 'लोटला' हे क्रियापद? ग्रीक धातूचा अर्थ लोटणं, गडगडवणं असा दोन्हीकडे ताणता येतो. जड धोंडा पलटत-ढकलत दाराशी नेला तरी शब्द तोच लागेल. योहान २०:१ मध्ये तर दगड 'उचलून काढलेला' आहे. मत्तय २८:२ मध्ये देवदूत दगड बाजूला करून *त्याच्यावर बसतो*. खाचेत उभ्या असलेल्या चाकावर बसणं अवघड, आडव्या पडलेल्या धोंड्यावर सोपं. चित्रकारांनी चाक लोकप्रिय केलं. मजकुराला ते लागत नाही, तसं ते अशक्यही नाही, कारण मत्तयाचा योसेफ श्रीमंत आहे. तक्त्यात 'आकार: सांगितलेला नाही' एवढंच लिहा. गंमत म्हणजे मगाशी आलेलं बेझा हस्तलिखित लूक २३:५३ ला शेपूट जोडतं, की वीस माणसांना जेमतेम लोटता येईल असा दगड होता. दगडाविना राहिलेली लूकची चौकट नकलाकारालाही बघवली नाही!

आतली रचना. त्या काळात दोन प्रकार. एक 'कोख': भिंतीत आडवं खोदलेलं, साधारण दोन मीटर खोल आणि अर्धा मीटर रुंद बीळ, ज्यात देह सरळ आत सरकवतात. दुसरा प्रकार भिंतीला लागून ओटा, वर कधी कमान. मार्क १६:५ मधला तरुण 'उजवीकडे बसलेला' आहे, योहान २०:१२ मध्ये दोन देवदूत उशाशी आणि पायथ्याशी. कोखात उशापायथ्याशी बसायला जागाच नसते. म्हणजे लेखकांच्या डोळ्यांपुढे ओटा आहे. वर्षभराने हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवायची, ही त्या कबरींची पुढची पायरी. अशाच एका पेटीत १९६८ साली गिवत हा-मिवतार इथे येहोहानान नावाच्या माणसाचं टाचेचं हाड मिळालं, आरपार खिळा असलेलं. क्रुसावर मेलेल्याला रीतसर कबर मिळूच शकत नव्हती, असं ठासून म्हणणाऱ्यांना हे हाड आडवं येतं.

कबरीची मालकी: 'त्याची स्वतःची' हे फक्त मत्तय. 'नवी' मात्र मत्तय आणि योहान दोघांत. मार्क म्हणतो खडकात खोदलेली, बस्स. 'अजून कुणाला ठेवलं नव्हतं' यावर लूक आणि योहान जुळतात. बाग, आणि क्रुसाच्या जागेशी जवळीक, ही फक्त योहानात. शिवाय योहान कारणही देतो: कबर *जवळ होती* आणि तयारीचा दिवस होता *म्हणून* तिथे ठेवलं. हे सोयीचं कारण आहे, मालकीचं नव्हे.

जाता जाता, इस्राएलच्या सहलीत दोन जागा दाखवतात. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, ज्याची मूळ इमारत सन ३३५ मध्ये अर्पण झाली, क्रुसाची जागा आणि कबर एकाच छताखाली आहेत आणि शेजारीच त्या काळचे कोख आहेत. दुसरी 'बागेतली कबर' १८८३ साली जनरल गॉर्डन यांच्यामुळे प्रसिद्धीला आली. जागा शांत, प्रार्थनेला छान. पण ती खोदली गेली लोहयुगात, येशूच्या कित्येक शतकं आधी. ती 'नवी' ठरत नाही.

---

सरळमार्गी

एवढा कीस कशाला? एका अपघाताचे चार साक्षीदार चार तऱ्हेने सांगतात, तसंच आहे हे.

---

मूळप्रत

हा दाखला इथे लागू पडत नाही. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्काचा मजकूर होता. म्हणजे निदान तिघे एकमेकांपासून सुटे साक्षीदार नाहीत. त्यामुळे फरक पाहायचा तो 'कुणाला काय दिसलं' असा नाही. 'मार्काचं वाक्य समोर असताना यांनी काय बदललं' असा पाहायचा. योसेफाच्या बाबतीत लूकने खुलासा जोडला आणि मत्तयाने सभा गाळली, हे तसं पाहिल्यावरच उलगडतं. यालाही एक कोडं आहे: मार्काचं गुंडाळण्याचं क्रियापद सोडून मत्तय आणि लूक दोघेही नेमकं एकच दुसरं क्रियापद वापरतात. दोघांनी एकमेकांचं न पाहता तेच कसं निवडलं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

---

तक्तेवाला

वा, बरंच मिळालं. दोन शंका. लूकमधली तयारी शब्बाथच्या आधीची, मार्कातली खरेदी नंतरची. 'थोडं घरात होतं, कमी पडलं ते नंतर आणलं' असं म्हणून जुळवता येईल ना? आणि तारखेचं काय? चौघांतही शुक्रवारच आहे, मग वाद कसला?

---

निसानपंधरा

पहिलं: म्हणता येईल, पण ते वाक्य चारपैकी एकाही रकान्यात बसत नाही. तुमचं पाचवं शुभवर्तमान होईल. गटात सांगायचं असेल तर 'ही आपली जोडणी' असं उघड सांगून सांगा.

दुसरं: वार एकच, तारीख वेगळी. मार्क, मत्तय, लूक यांच्यात शेवटचं भोजन हेच वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन (मार्क १४:१२ पासून). दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून तो शुक्रवार निसान महिन्याची १५ तारीख, सणाचा मुख्य दिवस. योहानात तो शुक्रवार 'वल्हांडणाच्या तयारीचा' (१९:१४), म्हणजे १४. सण आणि शब्बाथ दोन्ही शनिवारी एकत्र येतात, म्हणून १९:३१ त्या शब्बाथला 'मोठा दिवस' म्हणतो.

याचा दफनाशी थेट संबंध येतो. १५ तारीख धरली तर मार्कातला योसेफ सणाच्या दिवशी, काम वर्ज्य असताना, कापड विकत घेतो. ही अडचण जुनी आहे. योहानात कापड कुठून आलं ते सांगितलेलं नाही आणि दिवस १४ असल्यामुळे खरेदी असली तरी खटकत नाही. पण तिथे दुसरंच निघतं. जुन्या करारातल्या गणना १९:११ नुसार प्रेताला शिवलं की सात दिवस विटाळ. योहान १८:२८ मध्ये याजकमंडळी वल्हांडण खाता यावा म्हणून पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत. आणि त्याच संध्याकाळी निकदेम नि योसेफ प्रेत हाताळतात, म्हणजे त्या रात्रीचं भोजन त्यांना बंद. त्यांना महिनाभराने दुसरा वल्हांडण पाळावा लागला असता (गणना ९:१०-११). योहान हे शब्दांत सांगत नाही, पण नियम माहीत असलेल्या वाचकाला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

घाईचं कारण चौघांनाही लागू: जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २१:२२-२३, टांगलेल्याला त्याच दिवशी पुरायचं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफसही 'यहुदी युद्धा'त लिहितो की यहुदी लोक क्रुसावर दिलेल्यांनासुद्धा सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात. पहिल्या तिघांत मृत्यू नवव्या तासाच्या सुमाराला, म्हणजे दुपारी तीन. एप्रिलच्या आसपास तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तीन तासांत पिलाताची गाठ, शताधिपतीकडून खातरजमा, कापड, उतरवणं, गुंडाळणं, दगड. एवढ्यात लेप राहून गेला तर नवल नाही. मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, प्रेताला धुणं आणि तेल लावणं शब्बाथलाही चालतं (शब्बाथ २३:५), पण खरेदी चालत नाही. मिश्नाचं संकलन सन २०० च्या आसपासचं, तेव्हा त्याचा भार जपून टाका.

सलग वृत्तांत लिहिताना सगळ्यात घट्ट अडकतं ते पिलातापाशी. मार्कात योसेफ देह मागतो तेव्हा पिलाताला 'इतक्यात मेला?' असं आश्चर्य वाटतं. योहानात त्याआधीच यहुदी पुढाऱ्यांनी पाय मोडून देह हलवायची विनंती केली आहे आणि पिलाताचे शिपाई येशूला मेलेलं पाहून गेलेत. दोन्ही एकामागे एक ठेवा, आश्चर्याचं कारणच विरळ होतं.

---

हिराबोळ

'दफन केलं कुणी' ही ओळही घाला. मार्कात सगळी क्रियापदं एकवचनी, जणू योसेफ एकटाच उतरवतो, गुंडाळतो, दगड लोटतो. पण १६:६ मध्ये तरुण म्हणतो 'त्याला *ठेवलं त्यांनी* ती जागा', अनेकवचन. योहानात दोघे. प्रेषितांची कृत्ये १३:२७-२९ मध्ये पौलाच्या भाषणात तर ज्यांनी दोषी ठरवलं त्याच लोकांनी खाली उतरवून कबरीत ठेवलं, असं व्याकरण होतं, आणि ते पुस्तक लूकचंच! पौल स्वतः करिंथकरांस पहिल्या पत्रात १५:४ ला फक्त 'पुरला गेला' म्हणतो. नाव नाही, कबर नाही.

बायकांची ओळ: मार्कात दोघी मरीया कुठे ठेवलं ते पाहतात, मत्तयात दोघी समोर बसून आहेत, लूकमध्ये गालीलाहून आलेल्या बायका, नावं पुढे २४:१० मध्ये. योहानाच्या दफनात एकही नाही. मार्काची दुसरी मरीया १५:४७ मध्ये 'योसेची' आणि १६:१ मध्ये 'याकोबाची'. १५:४० मध्ये दोन्ही मुलांची नावं एकत्र आहेत, म्हणून ती एकच धरतात.

आणि क्रुसाच्या वाटेतलं (चौदा थांब्यांच्या कॅथलिक भक्तीतलं) तेरावं स्थान, आईच्या मांडीवर देह, ते चौघांपैकी कुणातच नाही. गटात हटकून विचारतील.

---

तक्तेवाला

तेरावं स्थान नाही हे लक्षातच आलं नव्हतं. शेवटचं: 'देह धुतला' अशी ओळ करून ठेवली होती, पण एकही संदर्भ मिळेना. काढून टाकू?

---

मूळप्रत

काढू नका. चारही चौकटी कोऱ्या राहू द्या. यहुदी रीतीत धुणं ही पहिली पायरी (प्रेषितांची कृत्ये ९:३७, टबीथाला धुऊन माडीवर ठेवतात), त्यामुळे मौन लिहून ठेवण्यासारखं आहे. धुण्याचा उल्लेख येतो तो पेत्राच्या नावावर असलेल्या शुभवर्तमानात, जे मिसरमधल्या अखमीम इथे १८८६-८७ च्या हिवाळ्यात सापडलं. त्यात योसेफ देह धुतो, सिंडोनमध्ये गुंडाळतो आणि 'योसेफाची बाग' नावाच्या स्वतःच्या कबरीत ठेवतो. शिक्केही सात. मत्तयाची मालकी आणि योहानाची बाग एकाच वाक्यात आलेली दिसतेय ना? त्यासाठी पाचवा रकाना करा, पण वेगळ्या शाईत.